'ताई, तुम्ही माझा संसार मोडलात'

(पत्राचा सारांश. नाव, जिल्हा आणि ओळख पटेल असे सगळे तपशील गाळले किंवा बदलले आहेत.)

पत्रलेखिका २९ वर्षांच्या आहेत. समाजकार्यात एमएसडब्ल्यू ही पदवी घेऊन गेली पाच वर्षं मराठवाड्यातल्या एका बालसंरक्षण संस्थेत क्षेत्र कार्यकर्त्या म्हणून काम करतात. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन आला की गावात पोचायचं, मुलाला किंवा मुलीला भेटायचं, पोलीस ठाणं आणि बालकल्याण समिती गाठायची, मग पाठपुरावा करायचा, असं त्यांचं काम. दीड वर्षापूर्वी त्यांनी १५ वर्षांच्या एका मुलीचं लग्न हळदीच्या दिवशी थांबवलं. आईवडिलांनी समितीसमोर हमीपत्र लिहून दिलं आणि मुलगी घरी गेली. निघताना लेखिकेनं तिला स्वतःचा नंबर दिला आणि सांगितलं, "कधीही फोन कर. मी आहे."

दिवाळीनंतर घरचे ऊसतोडीला गेले आणि तिकडेच तिचं लग्न लावलं. पट्टा पडल्यावर, म्हणजे तोडीचा हंगाम संपल्यावर, एप्रिलमध्ये टोळी गावी परतली, तेव्हा मुलीचा फोन आला: पाचवा महिना लागलाय, "ताई, कुणाला सांगू नका." लेखिकेनं वरिष्ठांना सांगितलं, पोलिसांत नोंद झाली. नवरा अटकेत गेला, नंतर जामिनावर सुटला. वडील आणि सासरेही आरोपी आहेत. मुलगी बाळाला घेऊन मावशीकडे राहते. त्यानंतर तिनं एकदाच फोन केला आणि एकच वाक्य बोलली: "ताई, तुम्ही माझा संसार मोडलात."

लेखिकेला आता झोप लागत नाही. रात्री फोन वाजला की छाती धडधडते. नवीन केस ऐकताना मात्र काहीच वाटत नाही. "मी दगड झालेय" असं त्या लिहितात. पुण्यात एका कंपनीच्या सामाजिक उपक्रम विभागात, टेबलावर बसून करायची, बऱ्या पगाराची नोकरी चालून आली आहे. महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचं आहे. काय करू, असं त्या विचारतात. आई म्हणते, सोड आता. पण हातात ३४ मुलं आहेत. "मी गेले तर पळून गेल्यासारखं होईल. त्यांना कोण आहे?" आणि पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ: "परवा आठवडी बाजारात ती समोरून आली, आणि मी दुसऱ्या गल्लीत वळले."

नमस्कार ताई,

तुम्हाला सगळे ताईच म्हणत असणार, म्हणून मीही म्हणते. वयानं मी बरीच मोठी आहे. उमेदीची चौदा वर्षं मी रेल्वे फलाटांवर, घर सोडून आलेल्या मुलांमध्ये काम केलं. तेव्हा हे उत्तर मी दुरून देत नाहीये.

तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट सारखी खटकत राहिली. त्या मुलीच्या गोष्टीत किती माणसं आहेत पाहा. फोन करणारं कुणीतरी, ग्रामसेवक, अंगणवाडीताई, पोलीस, बालकल्याण समितीची मंडळी, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, शाळेचे मुख्याध्यापक, तुमचे वरिष्ठ. पण पत्रातली क्रियापदं सगळी तुमची आहेत. मी थांबवलं, मी सांगितलं, मी मोडलं, मी वळले. बाकीचे येतात, सही करतात आणि निघून जातात. ही मुलगी एकट्या तुमची जबाबदारी होती असं तुम्ही धरून चालला आहात. ते कुणी तुमच्यावर लादलं की तुम्ही आपणहून घेतलं, कोण जाणे. बहुतेक दोन्ही झालं असेल. पण सगळ्या पत्राचा भार त्याच एका समजुतीवर आहे, म्हणून आधी तिच्याकडेच वळते.

पहिली गोष्ट, तुम्ही सांगितलंत त्याबद्दल. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थाप्रमुखाला वर्षभरापर्यंत. ऑक्टोबर २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं अठराखालच्या पत्नीशी शरीरसंबंधही बलात्कारच ठरवला, त्यामुळे 'लग्न झालंय' या कारणानं त्यातून वाट निघत नाही. हे सगळं तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. तरी लिहिते, कारण रात्री दोन वाजता माणसाला कायदा आठवत नाही, फक्त तो आवाज आठवतो.

आणि समजा, तुम्ही गप्प राहिला असतात, तर? सोळा वर्षांची पोर तपासणीला कधीतरी सरकारी दवाखान्यात गेलीच असती, आधार कार्ड दाखवलंच असतं. डॉक्टरांवरही तेच बंधन आहे. नाहीतर पोलिसांच्या भीतीनं घरच्यांनी तिला दवाखान्यात नेलंच नसतं, आणि या वयातल्या बाळंतपणात किती जोखीम असते ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं आहे. 'सांगितलं नसतं तर तिचा संसार टिकला असता' हे वाक्य तुम्ही इतक्या वेळा मनात म्हटलंय की ते खरं वाटू लागलंय. ते खरं असेलच असं नाही.

पण मी तुम्हाला 'तुमचं काहीच चुकलं नाही' असंही म्हणणार नाही. ते तुम्हाला पटणार नाही आणि ते पूर्ण खरंही नाही. चूक शोधायचीच तर ती कुठे शोधायची ते पाहू, कारण उद्या ३५ वी मुलगी येणार आहे आणि तिच्यासाठी ती सापडायला हवी.

हळदीच्या दिवशी लग्न थांबलं, हमीपत्र झालं, मुलगी घरी गेली. बरोबर? हमीपत्र म्हणजे आईबापांनी दिलेला शब्द. तो देताना ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. पण त्या घराचं वर्ष कसं चालतं ते बघा. दसऱ्याच्या आसपास मुकादमाची, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते. टोळी निघते. मागे गावात पोरीला कुणापाशी ठेवायचं? बरोबर नेलं तर उसाच्या फडात, पाचटाच्या झोपडीत, परक्या माणसांत वयात आलेली पोर कशी सांभाळायची? आणि लग्न लावून दिलं तर जोडप्याचा एक 'कोयता' धरला जातो, एकट्याचा अर्धाच. उचल कोयत्यावर मिळते. या हिशेबातलं एकही कलम हमीपत्रानं बदललं नव्हतं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २० ते २४ वयाच्या ज्या स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं होतं, त्यांचं प्रमाण सगळ्या महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के होतं. बीडमध्ये ते ४३ टक्क्यांच्या वर होतं, परभणीत ४८ च्या घरात. एवढा मोठा आकडा एका कार्यकर्तीच्या फोन नंबरनं अडत नाही.

तिथे काय करता आलं असतं? बालविवाह प्रतिबंध कायद्याच्या कलम १३ खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम घेता येतो, आणि तो असताना लावलेलं लग्न कलम १४ नं मुळातच रद्दबातल ठरतं. हमीपत्र आणि मनाई हुकूम यांत हा फार मोठा फरक आहे. तरी बहुतेक ठिकाणी हमीपत्रावर काम भागवलं जातं, कारण त्याच दिवशी सगळ्यांना घरी जायचं असतं. दुसरं म्हणजे, ऑक्टोबरच्या आधी तिच्या राहण्याची सोय. हंगामी वसतिगृह, एखादी आजी किंवा मावशी (आज ती जिच्याकडे आहे तीच मावशी तेव्हाही होती ना?), शाळेत नाव टिकवणं, मिशन वात्सल्य या सरकारी बालसंरक्षण योजनेतलं महिन्याला ४००० रुपयांचं प्रायोजकत्व तिला लागू होतंय का ते जिल्हा कक्षाकडून तपासून घेणं. बालविवाहाचा धोका असलेली मुलगी बाल न्याय कायद्याप्रमाणे 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक' ठरते, म्हणजे तिच्या पुनर्वसनाचा आराखडा करणं हे समितीचं आणि कक्षाचं काम आहे. यातलं किती तुमच्या एकटीच्या हातात होतं? थोडंच. म्हणूनच म्हणते, चूक आहे, पण ती तुमच्या उशाशी घेऊन झोपण्याची नाही. ती संस्थेच्या बैठकीत टेबलावर ठेवायची आहे: 'हमीपत्रानंतर ऑक्टोबरपर्यंत आपण काय करतो?' हा प्रश्न तिथे विचारला गेलाय का? नसेल, तर जाण्याआधी तेवढा विचाराच.

आता तुमच्या शब्दाबद्दल. "कधीही फोन कर. मी आहे."

हे मीही म्हटलेलं आहे. आपल्या क्षेत्रात बहुतेक सगळ्यांनी कधी ना कधी म्हटलंय. ते म्हणताना समोरच्या लेकराचा चेहरा जो बदलतो, त्यासाठी माणूस काहीही द्यायला तयार होतं. पण हा शब्द पाळता येत नाही. एक तर आपण चोवीस तास 'आहे' नसतो. दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं, 'मी आहे' मध्ये त्या पोरीनं 'मी कुणाला सांगणार नाही' हेही ऐकलं. तुम्ही तसं म्हणाला नव्हतात. पण तिनं ज्या विश्वासानं फोन केला, त्यात ते होतं. तिचा राग त्यातून आलाय.

१०९८ ची सुरुवात कशी झाली ते तुम्हाला प्रशिक्षणात सांगितलं असेल. मला ती गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते. मुंबईत जेरू बिलिमोरिया टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकवत होत्या आणि रस्त्यावरच्या मुलांमध्ये काम करत होत्या. त्यांनी मुलांना आपल्या घरचा नंबर दिला होता. मुलं रात्री-अपरात्री फोन करायची. कुणी आजारी, कुणाला पोलिसांनी उचललेलं, कुणाला नुसतंच बोलायचं असे. त्यातून त्यांच्या ध्यानात आलं की ही गरज एका घरच्या फोनवर भागणारी नाही, त्यासाठी कुणीही उचलील असा, सगळ्या मुलांना पाठ होईल असा नंबर हवा. १९९६ साली मुंबईत तो सुरू झाला. दस, नौ, आठ. लिहिता न येणाऱ्या पोरालाही लक्षात राहावा असा. २०२३ पासून तो शासनाच्या यंत्रणेत, जिल्हा कक्षांकडे गेला. त्या बदलात काय बिघडलं, काय सुधारलं, यावर आपण दोघी तासभर बोलू शकू. पण मूळ गोष्ट लक्षात घ्या. सुरुवात करणाऱ्या बाईनंही घरच्या नंबरवरून सगळं निभावून नेण्याचा हट्ट धरला नाही. आणि आज ती यंत्रणा हाताशी असताना तुम्ही पुन्हा तुमच्या खिशातल्या फोनवर येऊन पोचला आहात. संस्थेनं वेगळा ड्युटी-फोन दिला नसेल, रात्रपाळी ठरवली नसेल, तर ती संस्थेची उणीव आहे. तुम्ही ती तुमच्या झोपेनं भरून काढताय.

तुमच्यासारख्या इतर कार्यकर्त्यांसाठीही इथे एक गोष्ट सांगते. मूल बोलायला लागण्याआधीच त्याला सांगायचं. त्याचं सगळं सांगून झाल्यावर सांगितलं तर उशीर होतो. 'तू जे सांगशील ते मी गावभर करणार नाही. पण तुला कुणी इजा केली असेल, किंवा पुढे इजा होईल असं मला वाटलं, तर मला ते काही माणसांना सांगावं लागतं. कुणाला सांगणार, कधी सांगणार, ते मी आधी तुला सांगेन.' हे पहिल्या भेटीत म्हणायला जड जातं. मूल गप्प बसेल अशी भीती वाटते. काही मुलं बसतातही. पण जी बोलतात, त्यांना नंतर आपण फसवले गेलो असं वाटत नाही. आणि नंबर द्यायचा तो १०९८, संस्थेचा फोन आणि आपलं नाव. 'मी नसले तर अमुक ताई उचलतील, त्यांनाही तू माहीत आहेस.' त्या दुसऱ्या ताईची आणि मुलीची भेट त्याच आठवड्यात घालून द्यायची. पहिल्या दिवसापासून दोन माणसं.

आता तिच्या त्या वाक्याबद्दल.

तुम्हाला वाटतंय, तिनं तुम्हाला गुन्हेगार ठरवलंय. मला ते वाक्य थोडं वेगळं ऐकू येतं. सोळा वर्षांच्या त्या पोरीभोवती सध्या कोण कोण आहे? बाप, सासरा, नवरा, जात, गाव, कोर्ट. यांतल्या कुणावर ती ओरडू शकते? एकाहीवर नाही. ज्या एकाच माणसावर चिडून काही बिघडणार नाही असं तिला वाटतं, तिच्यावर ती चिडली. आणि तिचा राग खरा आहे. लग्न बेकायदा असेल, पण त्या पाच-सहा महिन्यांत तिनं एक घर मांडलं होतं, कदाचित तो मुलगा तिच्याशी बरा वागतही असेल, आणि ते सगळं तिच्या डोळ्यांसमोर पोलिसांच्या गाडीत बसून गेलं. कायद्यानं बरोबर आणि तिच्यासाठी भयंकर, हे एकाच वेळी खरं असू शकतं. तिला समजावायला जाऊ नका. 'तुझ्याच भल्यासाठी' हे शब्द तर चुकूनही नकोत. ते तिच्या बापानंही लग्न लावताना वापरले असतील. आणि तिनं तुम्हाला माफ करावं, कधीतरी 'ताई, तुमचं बरोबर होतं' म्हणावं, ही अपेक्षा तिच्या डोक्यावर ठेवू नका. तिच्या कडेवर बाळ आहे, तेवढा भार पुरे.

तिला गरज आहे ती काही कामांची, आणि ती कामं तुम्ही स्वतः न करता व्हायला हवीत. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांप्रमाणे बालकल्याण समिती तिच्या आणि पालकांच्या किंवा तिचा विश्वास असलेल्या व्यक्तीच्या संमतीनं तिला 'सहाय्यक व्यक्ती' देऊ शकते. कोर्टात सोबत जाणारी, खटल्यात काय चाललंय ते तिला तिच्या भाषेत सांगणारी व्यक्ती. ती तुम्ही नसावं असं माझं स्पष्ट मत आहे. समितीकडे आजच लेखी विनंती करा की दुसरी व्यक्ती नेमावी. वडील आरोपी आहेत, म्हणून संमतीसाठी मावशीला विचारता येईल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला मोफत वकील मिळतो. तातडीच्या गरजांसाठी विशेष न्यायालय स्वतःहून किंवा अर्जावरून अंतरिम भरपाई देऊ शकतं, पण वाट न पाहता कुणीतरी अर्ज करायला हवा. आणि तिला एक गोष्ट कुणीतरी नीट, घाई न करता सांगायला हवी: हे लग्न रद्द करून घ्यायचं की नाही हा निर्णय तिचा आहे, आणि तो आज घ्यायचा नाहीये. अठरा पूर्ण झाल्यावरही दोन वर्षं तिला मुदत आहे. रद्द केलं तरी बाळ औरस धरलं जातं, आणि तिच्या पोटगीचा आणि राहण्याच्या जागेचा आदेश न्यायालय देऊ शकतं. तिच्या आयुष्यातले सगळे निर्णय आजवर दुसऱ्यांनी घेतले; लग्न लावणाऱ्यांनी, थांबवणाऱ्यांनी, तक्रार करणाऱ्यांनी. हा एक तिचा आहे, हे तिला कळलं पाहिजे.

आणि 'दगड झालेय' याबद्दल.

माझ्या कामाच्या आठव्या-नवव्या वर्षातली गोष्ट. दुपारी एका लहानग्याची हकिकत ऐकून घेतली. लिहून काढली, कागद फाइलला लावला, डबा उघडला आणि नीट जेवले. भाजी छान झाली होती हेसुद्धा माझ्या लक्षात आलं. त्याच संध्याकाळी घरी कुकरची शिट्टी अडकली, निघेना, आणि मी स्वयंपाकघरात खाली बसून अर्धा तास रडले. सासूबाई घाबरल्या. तेव्हा मला वाटलं, मला काहीतरी झालंय. झालंच होतं, पण मी निर्दय झाले नव्हते. रोज दुसऱ्याचा आघात ऐकणाऱ्या माणसाचं मन कधीतरी झडप लावून घेतं. आघाताच्या कामात याला दुय्यम आघात म्हणतात. झोप उडणं, फोनच्या आवाजानं दचकणं, केस ऐकताना कोरडं राहणं आणि भलत्याच गोष्टीवर फुटणं, एकाच माणसाचा चेहरा सारखा दिसणं, ही त्याची नेहमीची लक्षणं आहेत. तुमच्या पत्रात यातली तीन स्पष्ट आहेत. याला स्वभावाचा दोष म्हणू नका. पाठीत उसण भरते तसं हे कामातून भरलेलं दुखणं आहे आणि त्यावर उपाय आहेत. जवळ मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक असेल तर भेटा. नसेल, किंवा छोट्या गावात कुणी पाहील याचा संकोच असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ज्या बाईनं हजार लेकरांना हेल्पलाइनचा नंबर पाठ करून दिला, तिनं स्वतः एक नंबर फिरवायला लाजू नये.

घरी आईला केस सांगू नका, मुलीची ओळख कायद्यानंच गुप्त आहे. पण 'मला झोप येत नाही, मला भीती वाटते' हे सांगायला कुठलाच कायदा आडवा येत नाही. तुमची आई 'सोड' म्हणते ती कामाला वैतागून नव्हे. तिला लेक वाळताना दिसतेय, पण का ते कळत नाहीये.

आता पुण्याच्या नोकरीचं.

माझं मत मागितलंत, म्हणून देते. या महिन्यात निर्णय घेऊ नका, कारण सध्या तुम्ही नोकरी निवडत नाही आहात, झोप शोधताय. त्या कंपनीला लिहा: 'मला रुजू व्हायला दोन महिने हवेत.' चांगली माणसं थांबतात. थांबली नाहीत तर तसल्या नोकऱ्या पुन्हा येतात. तुमच्यासारखा गावातला अनुभव असलेली माणसं त्यांना सहज मिळत नाहीत. दरम्यान पंधरा दिवसांची सलग रजा घ्या. करारावरच्या कार्यकर्तीला रजा मागताना किती भीती वाटते ते मला माहीत आहे, तरी मागा, लेखी मागा. रजेत फोन संस्थेत ठेवून या. आणि परतल्यावर वरिष्ठांपुढे तीन गोष्टी ठेवा: ड्युटी-फोन आणि रात्रीची पाळी, प्रत्येक केसला दुसरी कार्यकर्ती, आणि आठवड्यातून एक तास असा की ज्यात केसचा हिशेब मागितला जाणार नाही, फक्त 'तुला काय झालं' हे विचारलं जाईल. या शेवटच्या तासाला आपल्याकडे चैन समजतात. विहिरीत उतरणाऱ्या माणसाच्या कमरेला दोर बांधणं ही चैन नसते.

यातल्या दोन गोष्टी तरी मिळाल्या, आणि रजेनंतर गावात जाताना पाय जड झाले नाहीत, तर थांबा. मिळाल्या नाहीत, तर जा. मनावर ओझं न घेता जा. पाच वर्षं कमी नसतात. आणि कोण जाणे, त्या कंपनीच्या टेबलावर बसून ऊसतोडीच्या पट्ट्यात वसतिगृहासाठी पैसे कुठे द्यावेत हे ठरवताना तुमच्याइतकी जाणकार दुसरी कुणी नसेल. पण तो विचार नंतरचा. त्याच्या आधारावर स्वतःला जायची परवानगी देऊ नका. परवानगीला एवढं मोठं कारण लागत नाही. दमलेय, हे पुरतं.

'पळून जाणं' आणि 'जाणं' यांतला फरक तुम्ही कशा जाता यात आहे. ३४ मुलांची यादी करा. प्रत्येकापुढे लिहा: कुठे आहे, पुढची तारीख कोणती, काय बाकी आहे, आणि त्याला कशाची भीती वाटते, कशानं बरं वाटतं. ही शेवटची माहिती कुठल्याच छापील नमुन्यात मागत नाहीत. ती फक्त तुमच्या डोक्यात आहे, आणि तुमच्या मागे येणाऱ्या मुलीला तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडेल. जिथे जमेल तिथे नव्या कार्यकर्तीला बरोबर घेऊन जा. मुलांना खरं सांगा: 'मी पुढच्या महिन्यापासून येणार नाही. तू काही केलंस म्हणून नाही. आता या ताई येतील.' मुलं रडतील, एखादं तोंड फिरवेल. न सांगता नाहीशी झालेली माणसं त्यांनी खूप पाहिली आहेत. सांगून जाणारं माणूस त्यांच्यासाठी नवीन असतं. आणि ही यादी तुम्ही थांबणार असलात तरी कराच. लिहिताना दिसेल की यातली निम्मी कामं दुसऱ्या कुणाची आहेत.

संस्था चालवणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांना एकच विनंती. तुमच्याकडची सगळ्यात चांगली कार्यकर्ती, जी कधीच नाही म्हणत नाही, जिच्याकडे अवघड केस बिनधास्त देता येते, तिला या आठवड्यात विचारा की ती रात्री झोपते का. आणि उत्तर ऐकायला बसा.

राहिली ती बाजाराची गोष्ट. पत्राच्या शेवटी लिहिलीत, पण मला वाटतं पत्र तिच्यासाठीच लिहिलंत.

गल्लीत वळलात, ठीक आहे. त्या दिवशी तेवढंच बळ होतं. पण बाजार दर आठवड्याला भरतो, आणि ती पुन्हा समोर येईल. तेव्हा वळू नका. आपणहून जवळही जाऊ नका. आहात तिथे भाजीपाशी थांबा, तिला तुम्ही दिसाल एवढ्या अंतरावर. तिनं नजर फिरवली तर फिरवू द्या, तो तिचा हक्क आहे. मागे जाऊ नका, हाक मारू नका. लोकांमध्ये तिला कुठल्याच केसबद्दल, तारखेबद्दल काही विचारू नका. शेजारच्या पालावर तिच्या सासरचं कुणी असेल. पण ती थांबलीच, तर बाळाकडे बघा आणि नाव काय ठेवलंय तेवढं विचारा.

ती सांगेल किंवा नाही सांगणार. सांगितलं तर ते एकदा तुमच्या तोंडानं उच्चारा.